एकशे सत्तेचाळीसचा ठिपका

तीनशे बारा ठिपक्यांच्या कळपातला एक ठिपका बाजूला जाऊन उभा राहिला होता. शिवांजलीला आधी वाटलं, स्क्रीनवर चहाचा शिंतोडा उडालाय. तिनं अंगठ्यानं पुसून पाहिलं. अंगठा कोरडा राहिला आणि ठिपका जागच्या जागी. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, आतल्या खोलीत तिच्या वडिलांनी, आण्णासाहेबांनी, पेपरचं पान उलटलं, कुकरची तिसरी शिट्टी झाली. धाराशिवातली एक साधी मंगळवारची सकाळ, आणि तिच्यात हा ठिपका घासात खडा यावा तसा आला. तिनं बाण त्याच्यावर नेला. नमुना क्रमांक एकशे सत्तेचाळीस. सोनं, अब्जात चारशे दहा भाग. बाकीचे तीनशे अकरा दोनाच्या, फार तर तिनाच्या आसपास घुटमळत होते. काळ्या दगडाच्या मुलखात सोन्यानं जितकं अंग चोरून राहावं तितकं चोरून.

काम तसं बिनधोक होतं. पुण्याच्या एका कंपनीनं जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या ओढ्यांतला गाळ गोळा करवला होता, चार चौरस किलोमीटरला एक नमुना. तो बारीक चाळणीनं चाळून हैदराबादला गेला, तिथून आकडे होऊन शिवांजलीकडं आला. ती सकाळी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात असली कामं करायची. ओढ्याचा गाळच का, असं पोरं विचारत तेव्हा ती सांगायची, ओढा चहाडखोर असतो, वरच्या सगळ्या रानाची बातमी खाली आणून टाकतो. पण चहाडी जशीच्या तशी खरी मानायची नसते. टक्केवारीची तर एक जुनी खोड असते, सगळ्यांची बेरीज शंभरच भरावी लागते. लोखंड वाढलं की बाकीच्यांची नाहक घट दिसते, घरातला एक जण मोठ्यानं बोलू लागला की बाकीचे गप्प झाल्यासारखे वाटतात तशी. म्हणून ती एकाला दुसऱ्यानं भागायची, भागाकाराचा लॉगरिदम घ्यायची, आणि मग कोण कोणाबरोबर वाढतं, कोण कोणाला टाळतं ते बघत बसायची. लग्नात नातेवाईक बाया जेवणापेक्षा कोण कोणाच्या शेजारी बसलं याच्यावर डोळा ठेवतात, त्यातलाच प्रकार. फक्त तिला त्याचं मानधन मिळायचं.

खऱ्या सोन्याचा गोतावळा ठरलेला असतो. आर्सेनिक असतं, अँटिमनी असतं, ही मंडळी त्याच्या आगेमागे येतातच. एकशे सत्तेचाळीसच्या सोन्याबरोबर यांतलं कुणीच नव्हतं. त्याच्या शेजारी बसले होते चांदी आणि तांबं, आणि दुसऱ्या बाजूला फॉस्फरस आणि कॅल्शियम. तिनं तीनदा गणित फिरवलं. तिन्ही वेळा तीच पंगत. फॉस्फरस खताचाही असतो, इकडं सोयाबीनला डीएपी टाकल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही. पण खत सगळ्याच ओढ्यांत होतं, आणि तिथं त्याच्याबरोबर सोनं बसलेलं नव्हतं.

गौरीशंकर सरांचा फोन अकराच्या आत आला. ते कंपनीचे भूवैज्ञानिक, साठीचे, मराठी गोड आणि घाई दांडगी. "मॅडम, बघितलंत ना? मी काय म्हणत होतो? भूकंपाच्या पट्ट्यात भेगा आहेत. खाली साडेतीनशे मीटरवर ग्रॅनाईट आहे. भेगेतून वर आलंय ते."

"सर, आर्सेनिक नाहीये बरोबर."

"नसेल. प्रत्येक लग्नात मामा असतोच असं नाही. तुम्ही नकाशावर त्याच्याभोवती वर्तुळ काढा, अहवाल महिनाअखेर द्या. पुढच्या गटाचं कामही तुमच्याकडंच द्यायचं मनात आहे."

माणूस शेवटचं वाक्य सहज बोलल्यासारखं बोलतो तेव्हा फोन त्याच वाक्यासाठी केलेला असतो, हे शिवांजलीला पाठ होतं. तिनं बरं म्हटलं आणि नमुन्याचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले. नकाशा मोठा होत गेला. लोहारा तालुका, सास्तूरच्या अलीकडचा फाटा, एक ओढा, ओढ्याच्या वळणावर एक राखाडी चौकोन. त्याच्यावर नाव नव्हतं, कारण तिथं आता कुणी राहत नाही. तिला नावाची गरज नव्हती. ते जुनं माळसांगवी होतं, आणि तिची आई त्र्याण्णवच्या भूकंपात तिथंच गेली होती.

भूकंपाच्या रात्री शिवांजली चार वर्षांची होती आणि परंड्याला आजोळी होती, म्हणून वाचली. आईचा चेहरा तिला आठवत नाही. आठवतो असं वाटतं तो फोटोतला. खरं आठवतं ते एक मनगट आणि त्याच्यावरच्या दोन पाटल्या, भाकरी थापताना एकमेकींवर आपटणाऱ्या. टक, टक, मग थोडं थांबून टक. या आवाजावर तिचा इतका विश्वास होता की त्याच्याबद्दल तिनं कधी कुणाला विचारलं नाही. कुणी, तुझ्या आईला पाटल्याच नव्हत्या, असं म्हणालं असतं तर काय करायचं. पण पाटल्या होत्या. घराण्यात त्यांच्याबद्दल एकतीस वर्षं बोलणं चाललं होतं, आणि ते सगळं बोलणं धुरपदाआत्यावर जाऊन थांबायचं.

धुरपदाबाई आण्णांची थोरली बहीण. त्याच गावात दोन गल्ल्यांपलीकडं दिलेली, तिचं घर पडलं पण ती बाहेर ओट्यावर झोपली होती. भावजयीला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा उशाशी तीच बसलेली. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी एकेका चितेवर पाच-पाच, सहा-सहा जण ठेवले, तेव्हा शेजारच्या चन्नम्मानं पाहिलं, दाराच्या फळीवरून भावजयीला नेत होते तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे होते. आण्णा त्या आठवड्यात तुळजापूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला. ते सांगायचे, मी पोचलो तेव्हा राख झाली होती, मला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. मग उरलं कोण? आत्या. आत्यानं कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. नव्या गावात तिला पत्र्याचं छप्पर आणि दोन खोल्या मिळाल्या, तिथं ती राहायची. भावाच्या घरातून तिला लग्नाची पत्रिका जायची, पण आमंत्रणाचे तांदूळ घेऊन कुणी जायचं नाही. ती आली तर मागच्या रांगेत बसायची आणि सगळ्या बाया आधी तिच्या मनगटाकडं बघायच्या. मनगटावर काचेच्या चार बांगड्या, बाकी सोन्याचा मणी नाही. ते बघूनही निकाल तोच: बघा, लपवलंय. घातलं असतं तर चोरीचं, घातलं नाही तर लपवलेलं. शिवांजली पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगायची की जी चाचणी काहीही आलं तरी एकच उत्तर देते, ती चाचणी नसतेच. पण हे घरी सांगायला तिला कधी जमलं नव्हतं. उलट बारावीत असताना एका लग्नात आत्यानं तिच्या हातावर साखरेची पुडी ठेवली, तेव्हा तिनं ती तशीच खुर्चीवर ठेवून दिली होती. पुडी खुर्चीवरून कुणी उचलली ते तिनं पाहिलं नाही. पण आत्या तिथून उठून बसच्या वेळेआधीच निघाली, ते पाहिलं होतं.

आता तिनं मोजणी मांडली. हाडाची राख म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस. दागिन्यातलं सोनं म्हणजे सोनं, चांदी, तांबं. माणूस गेलं की त्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवतात, गुंजेच्या तुकड्याएवढा का होईना. तिसऱ्या दिवशी राख सावडतात आणि वाहत्या पाण्यात सोडतात. माळसांगवीनं कित्येक पिढ्या त्याच वळणावर सोडली. आणि त्या एका दिवशी तर तोंडात ठेवायला कण आणणार कुठून, पण अंगावरचं काढायलाही कुणाला सवड नव्हती. डोरली, फुलं, नथी, जोडवी, सगळं तसंच गेलं. मग पाऊस झाला आणि ओढ्यानं सगळं खाली नेलं. एकशे सत्तेचाळीसचा ठिपका म्हणजे खडकानं दिलेली बातमी नव्हती. ते गाव होतं. आणि अंगावरचं अंगावरच राहिलं असेल, तर चन्नम्माची नजर चुकली असेल. धुरात, रडारडीत, शंभर मनगटांत एक मनगट. चारशे दहा भागांत तिच्या आईच्या दोन पाटल्याही असतील. आकड्यातून गावाबद्दल बोलता येतं, एका बाईबद्दल बोलता येत नाही, हे ती दुसऱ्या कुणाच्या बाबतीत लगेच म्हणाली असती.

चाचणी सोपी होती. दहनाच्या जागेच्या वरच्या अंगाला गाळ घ्यायचा, आणि खालच्या अंगाला दोन ठिकाणी. सोनं खडकातलं असेल तर वरही सापडेल. वर नसेल आणि खालीच असेल, तर राखेतलं. ती शनिवारी आयुबभाईंच्या जीपमध्ये बसून गेली. आयुबभाई पन्नाशीचे, पूर्वी बोअरच्या गाडीवर होते, आता कंपनीसाठी नमुने गोळा करायचे. एकशे सत्तेचाळीसही त्यांनीच घेतलेला.

"मॅडम, एक इचारू का? ह्या वढ्यात खरंच सोनं हाय?"

"तेच बघायचंय, आयुबभाई."

"न्हाय, असंल तर आदीच सांगा. पंदरा साल बोअरवर काढली. हजार हजार फूट खाली गेलो, पानी बी लागलं न्हाय. आन हितं सोनं वरच पडलंय म्हंता."

"तुमच्या वाट्याला मशीनचा आवाज आला."

"आला की. डाव्या कानानं आता बेगमचं ऐकू येत न्हाय. तेवढीच बरकत."

वरच्या अंगाला त्यांनी पाच ठिकाणचा गाळ एकत्र करून चाळला, पिशवी बांधली, नंबर टाकला. मग खाली उतरले. ओढा फेब्रुवारीचा, मधोमध हातभर पाणी, बाकी गोटे आणि गाळ. काठाला बाभळी, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या, गवतात अर्धवट बुडालेले जोत्याचे दगड. हवा हलत नव्हती आणि तरी शिवांजलीला कानाशी काहीतरी आपटल्यासारखं वाटत होतं, एकदा, आणि मग बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. आयुबभाईंनी खुरपं गाळात घातलं, थांबले आणि तिच्याकडं बघितलं.

"तुमचं गाव व्हय हे?"

"कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाय. तुमी चप्पल काडून आलाव."

तिनं खाली पाहिलं. चपला वर काठावर शेजारी शेजारी लावून ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. आयुबभाईंनीही बूट काढले, पँट दुमडली आणि उरलेला गाळ खुरपं बाजूला ठेवून हातानं घेतला, सावकाश, जणू खाली कुणी झोपलंय.

निकालाला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत शिवांजलीनं दोन तास चुकीच्या वर्गावर घेतले आणि आण्णांच्या औषधाची गोळी दोनदा विचारून एकदाही दिली नाही. रोज ती मेल उघडायची आणि उघडताना तिला समजायचं की आपण निकालाची वाट बघत नाही, एका निकालाची वाट बघतोय. खालीच असू दे, खालीच असू दे. ज्या बाईशी आपण आयुष्यात धड दहा वाक्यं बोललो नाही, तिच्यासाठी एवढी तडफड कशाला, याचंही उत्तर तिला माहीत होतं. ती तडफड आत्यासाठी कमी आणि खुर्चीवर ठेवलेल्या पुडीसाठी जास्त होती. तेराव्या दिवशी आकडे आले. वरच्या अंगाला दोन. दहनाच्या जागेखाली तीनशे अठ्ठ्याऐंशी. आणखी अर्धा किलोमीटर खाली एकशे साठ.

"मॅडम, कारण कशाला लिहिता?" गौरीशंकर सर म्हणाले. "वर्तुळ काढा आणि सोडा. कारण ड्रिल सांगेल."

"ड्रिल कुठं उभं राहणार ते बघितलंत का, सर?"

"ओसाड जागा आहे. कुणी राहत नाही तिथं."

"हो. राहत नाहीत."

"बघा बुवा," ते म्हणाले, आणि पुढच्या गटाचं नाव यावेळी निघालं नाही. तिनं अहवालात लिहिलं: नमुना एकशे सत्तेचाळीस, खडकाशी संबंध नाही, जुनी दहनभूमी, वगळावा. त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली, इथं खोदकाम करू नये. ही ओळ लिहिण्याचा संख्याशास्त्राला काही अधिकार नव्हता. तिनं ती खोडली नाही, अहवाल पाठवला आणि आतल्या खोलीत गेली.

आण्णा जेवून खिडकीशी बसले होते, लवंग चघळत. सदुसष्ट वर्षांचा निवृत्त शिक्षक, अजूनही पेपरातल्या चुकांना लाल पेनानं खूण करणारा. तिनं त्यांना सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं. ओढा, गाळ, वरचा आकडा, खालचा आकडा. सांगताना तिचा आवाज उगाच चढत होता. "म्हणजे अंगावरचं अंगावरच राहिलं, आण्णा. सगळ्यांचं. कुणी काही काढलं नव्हतं. चन्नम्माला नीट दिसलं नसेल. आत्याला आपण उगाच..."

"ते असं आकड्यांवरून ठरत नसतं," आण्णा म्हणाले.

"मग कशावरून ठरतं? चन्नम्माच्या डोळ्यांवरून?"

"तू तिथं नव्हतीस."

"तुम्हीही नव्हता."

"मी म्हणतो ते वेगळं आहे. राहिलं असेल बाकीच्यांचं, कारण काढायचं म्हटलं तरी निघत नाही. मनगट फुगलेलं असतं. माती घट्ट बसलेली असते पाटलीच्या आत. उजव्या हाताची एक वेळ वळवून निघते, पण डाव्या..."

ते थांबले. शिवांजली त्यांच्याकडं बघत होती. तिचं आयुष्य असल्याच गोष्टी बघण्यात गेलं होतं; कोणता आकडा कोणाबरोबर येतो, कोणता येऊ नये तिथं येतो. डाव्या. ज्यानं तोंडसुद्धा बघितलं नाही, त्याच्याकडं डावा आणि उजवा आला कुठून. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं, आणि तिला ते मानावं लागलं असतं. आण्णांनी तोंडातली लवंग काढली, तळहातावर ठेवली, तिच्याकडं बघत राहिले.

"पहिल्या दिवशी संध्याकाळीच पोचलो मी," ते म्हणाले. "अंधारात कुणाला दिसलो नाही, उजाडायच्या आत परतलो. घर गेलेलं. नोकरी राहील का ते माहीत नाही. तू परंड्याला. मला एवढंच दिसत होतं की ही जळणार, आणि तू राहणार."

"मग आत्या?"

"कुणी तिचं नाव घेतलं. मी घेतलं नाही. मी फक्त..." त्यांनी वाक्य पुरं करायला एखादा चांगला शब्द शोधला. मराठीच्या मास्तरला तो सापडला नाही. "तू पुण्याला कॉलेजला गेलीस तेव्हा मोडल्या," ते म्हणाले.

ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली. स्क्रीनवर आलेख तसाच उघडा होता, आडवी रेघ, उभी रेघ, तीनशे अकरा एका बाजूला. लॉगरिदम, भागाकार, गोतावळा, हे सगळं तिला पुण्यातल्या त्या पहिल्या वर्षात कुणीतरी शिकवलं होतं. एकतीस वर्षं घराणं ज्या सोन्याचा माग काढत होतं, ते ओढ्यात नव्हतं आणि आत्याच्या पत्र्याच्या घरातही नव्हतं. ते इथं खुर्चीत बसलं होतं. तिनं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बघत राहिली, दुसऱ्याचे असावेत तसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नव्या माळसांगवीत उतरली. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, एकसारखी घरं, दारांवर फिक्या पडलेल्या नंबरांच्या पाट्या. धुरपदाआत्या दारात सावलीला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, डोळ्यांवर जाड भिंगं. तिनं मान वर केली, कोण आलंय ते ओळखायला वेळ घेतला, आणि ओळखल्यावर उठली नाही. नुसतं पोतं सरकवून जागा केली.

"आण्णा बरा हाय न्हवं?" तिनं आधी तेच विचारलं.

"बरे आहेत." शिवांजली बसली. बसमध्ये जुळवलेली वाक्यं सगळी उतरून गेली होती. "आत्या, पाटल्या त्यांनी काढल्या होत्या."

आत्याच्या बोटांत एक शेंग होती. ती तिनं फोडली, दाणे टोपल्यात टाकले. "व्हय," ती म्हणाली. "त्याला निगंना. रडत व्हता. साबनाचं पानी म्याच करून दिलं."

गल्लीत एक शेळी दोरी ओढत उभी होती.

"मग तुम्ही बोलल्या का नाहीत? एवढी वर्षं?"

"कुनाला बोलू? तू चार वर्साची. माय गेली ती गेली, बाप बी तसा निगाला म्हनून गावभर सांगू?"

"मी सांगते. आता मी सगळ्यांना सांगते."

"न्हाय." आत्यानं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. भिंगांमागचे डोळे मोठे दिसत होते, आणि त्यांत राग नव्हता, हेच शिवांजलीला सोसवेना. "त्यो हाय तवर न्हाय. त्याला सोसायचं न्हाय ते. माजं काय, मला सवं झाली."

तिनं मूठभर दाणे शिवांजलीपुढं केले. शिवांजलीनं दोन्ही हात पुढं केले आणि ते घेतले. आत्यानं एक पाय लांब केला, गुडघा चोळला, आणि कितीतरी दिवसांपासून विचारायचं राहून गेल्यासारखं विचारलं, "तुजं शिकनं झालं न्हवं पुरं?"

"झालं," शिवांजली म्हणाली.

"मग झालं," आत्या म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.